हवालदाराचे आडनाव

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या माणसाला स्वतःची ओळख स्वतःच करून द्यावी लागते, असा एक समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. आपण जाऊन पोहोचण्यापूर्वीच आपली ओळख तेथे जाऊन बसलेली असते. आपण मागाहून हजर होतो आणि तिच्याशी आपला मेळ बसतो की नाही हे समोरचा माणूस न्याहाळीत राहतो. पूर्वी दिल्लीत आलेल्या मराठी माणसाची ओळख शिवछत्रपतींनी, लोकमान्यांनी किंवा लताबाईंच्या आवाजाने करून ठेवलेली असे. ती ओळख फार मोठी. तिला पुरे पडणे कोणालाच शक्य नव्हते, पण तिच्या सावलीत उभे राहताना मान ताठ होत असे. माझ्या पिढीच्या वाट्याला आलेली ओळख एका फौजदाराने करून ठेवलेली आहे. त्या फौजदाराचे नाव बाजीराव सिंघम.

केंद्र सरकारच्या कचेरीत लिपिक म्हणून मी रुजू झालो, तेव्हा माझे गाव सांगली जिल्ह्यात आहे हे कळताच शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने उजव्या हाताचा पंजा वाघनखांसारखा वाकवून दाखविला आणि मी आता काय बोलतो याची तो उत्सुकतेने वाट पाहू लागला. ते प्रसिद्ध वाक्य येथे उतरवून घेण्याची गरज नाही. ‘सटकली’ एवढे म्हटले तरी काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कोणीही ते पुरे करील. माझी प्रकृती मुळात थंड. शिवाय कारकुनाचे डोके सटकून चालत नाही. त्याला जे काही वाटेल ते टिप्पणीच्या रूपाने लिहून वर पाठवावे लागते आणि वरून ‘चर्चा करावी’ असा शेरा येईपर्यंत शांत बसावे लागते. सहकाऱ्याची निराशा झाली. मराठी माणूस मिळाला, पण तो चालू होत नाही, असा काहीसा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता.

पुढे त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. यमुनेपलीकडून, म्हणजे मयूर विहाराहून, मेट्रोच्या निळ्या मार्गाने मंडी हाऊसपर्यंत यायचे, तेथे गाडी बदलून केंद्रीय सचिवालय गाठायचे, या रोजच्या प्रवासात असल्या विचारांना भरपूर सवड मिळते. एक गोष्ट ध्यानात आली. त्या तीन शब्दांच्या वाक्यात ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, ‘चमचा’ किंवा ‘चाक’ यांतला दंत्य ‘च’ नाही. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांकडे जाते आणि अमराठी माणूस तेथे हमखास अडखळतो. परंतु ‘माझी’ म्हणताना ती तालूकडेच राहते, त्यामुळे हिंदी भाषकाला ते सहज साधते. म्हणजे आपल्या भाषेतील जे जे परक्याच्या जिभेला जड, ते सारे वगळून हे वाक्य उभे राहिले आहे. ते कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पण जे अडचणीचे नव्हते तेवढेच देशभर गेले, एवढे खरे. परक्या घरी राहणाऱ्या माणसाचेही असेच होते. त्याच्यातले जे यजमानाला सोपे तेवढेच तो बाहेर काढतो. ‘ळ’ घरी ठेवून येतो.

या बाजीरावाची कुळकथा मोठी मौजेची आहे. तो मूळचा मराठी नव्हेच. २०१० साली हरी या दिग्दर्शकाने ‘सिंगम’ नावाचा तमिळ चित्रपट काढला. त्यात नल्लूर गावचा दुरैसिंगम हा फौजदार होता आणि ती भूमिका सूर्या या नटाने केली होती. दुसऱ्याच वर्षी, जुलै २०११ मध्ये, रोहित शेट्टी यांनी त्याला हिंदीत आणले. कन्नडमध्येही तो त्याच वर्षी ‘केंपेगौडा’ होऊन अवतरला. हिंदीत येताना नल्लूरचे शिवगड झाले आणि दुरैसिंगमचा बाजीराव झाला. आपल्यासारख्या बदलीच्या माणसांना हे समजावयास अवघड नाही: तमिळनाडू केडरचा अधिकारी महाराष्ट्रात प्रतिनियुक्तीवर आला आणि येथेच कायम झाला. त्याची भूमिका करणारे अजय देवगण यांचा जन्म दिल्लीतला, घराणे पंजाबी. खलनायक जयकांत शिक्रे. आडनाव आपल्याकडचे, पण नट प्रकाश राज बंगळूरचे, आणि मूळ तमिळ चित्रपटातही खलनायक तेच होते. अशा रीतीने, दिल्लीत जन्मलेला पंजाबी आणि बंगळूरचा कन्नडिग हे दोघे तमिळ कथेत, हिंदी भाषेत, गोव्याच्या भूमीवर एकमेकांशी लढले आणि त्यातून देशाला मराठी माणूस कसा असतो हे कळले!

यावर कोणी म्हणेल, मराठी फौजदार मराठी नटानेच करावयास हवा होता. मला ते पटत नाही. १९८३ साली गोविंद निहलानी यांनी ‘अर्धसत्य’ काढला. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला अनंत वेलणकर हा फौजदार ओम पुरी यांनी केला. तेही पंजाबी घराण्यातले. आणि रामा शेट्टी हा दाक्षिणात्य दादा कोणी केला? नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी. जन्माचे दाखले तपासले तर सगळाच उलटा प्रकार. परंतु वेलणकर पडद्यावर आला की तो आपल्याच आळीतला, वडिलांच्या धाकात वाढलेला, आतल्या आत कुढणारा मराठी मुलगा आहे याविषयी शंका उरत नाही. ओम पुरींना त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नटाचे गाव कोणते, हा प्रश्न त्या ठिकाणी सुचतदेखील नाही. तेव्हा प्रतिनिधित्व म्हणजे नोकरभरतीतला अधिवास-दाखला नव्हे. पात्राला मन दिले आहे की नुसतेच आडनाव दिले आहे, हा खरा प्रश्न.

बाजीराव सिंघमला मन आहे. पण त्या मनाची वाटणी मला चमत्कारिक वाटते. मंत्रिमंडळात जशी खाती वाटून देतात, तशी या चित्रपटात भाषांना भावना वाटून दिल्या आहेत. कायदा हिंदीकडे, प्रेम हिंदीकडे, युक्तिवाद हिंदीकडे, बोधवचने हिंदीकडे. मराठीकडे दोनच खाती आली: एक संताप आणि दुसरे, आईवडिलांच्या पाया पडण्याचे घरगुती खाते. नायक विचार करतो तेव्हा हिंदीत बोलतो. विचार संपला की मराठी सुरू होते. आपली भाषा रागाला उत्तम आहे, हे मान्य. पण ती केवळ रागाचीच भाषा आहे असे एखाद्या बारा वर्षांच्या दिल्लीकर मुलाला वाटू लागले, तर ज्ञानेश्वरीचे नाव त्याच्या कानावर कधी पडणार? कचेरीतले माझे सहकारी वाईट नाहीत. त्यांनी मला सणाला मिठाई दिली आहे, आजारपणात माझी कामे उरकली आहेत. तरी मी कधी घरी दूरध्वनीवर मराठीत बोलू लागलो की त्यांतला एखादा हटकून विचारतो, ‘‘भांडण झालं का?’’ मी त्या वेळी पत्नीला दूध तापवून ठेवण्याविषयी सांगत असतो.

नायकाविषयी इतके पुरे. मला खरे बोलायचे आहे ते त्याच्या हवालदाराविषयी. कारण मी हवालदाराचा मुलगा आहे.

माझे वडील महाराष्ट्र पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झाले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. ‘सिंघम’ आला तेव्हा मी नुकताच पदवीधर झालो होतो आणि स्पर्धापरीक्षांचे अर्ज भरीत होतो. तात्यांना साप्ताहिक सुट्टी मिळाली तो दिवस साधून आम्ही दोघे मिरजेला तो चित्रपट पाहावयास गेलो. त्यातले हवालदार सावळकर म्हणजे अशोक सराफ. तात्यांनी त्यांना १९७५ सालच्या दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’मध्ये पाहिलेले. तेथेही अशोक सराफ हवालदारच होते. छत्तीस वर्षांनी, एका हिंदी चित्रपटात, हा थोर नट पुन्हा हवालदाराचाच गणवेश चढवून उभा होता. मधल्या काळात त्यांनी मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर काय करून दाखविले हे आपणांस सांगावयास नको. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण हिंदी चित्रपटाला मराठी विनोदी नट हवा झाला की आधी आठवतो तो हवालदाराचा गणवेश.

तात्या मोकळेपणाने हसले. ‘पांडू हवालदार’ त्यांचा आवडता चित्रपट होता आणि त्याच चित्रपटाने रूढ केलेले नाव त्यांनी आयुष्यभर सोसले होते. मुंबईला बंदोबस्तावर पाठविले की टारगट पोरे मागून ‘पांडू’ अशी हाक मारून पळत, हे त्यांनीच आम्हांला सांगितले होते. दादांचा पांडू भोळा असला तरी माणूस होता. त्याला गाव होते, प्रेम होते, अडचणी होत्या. तो लोकांच्या जिभेवर आला तेव्हा त्यातला माणूस गळाला आणि नुसती हाक उरली. विनोदी पात्राचे असे होते: चित्रपटगृहात आपण त्याच्याबरोबर हसतो, रस्त्यावर येईपर्यंत त्याला हसू लागतो.

चित्रपटाच्या आरंभीच कदम नावाचा एक प्रामाणिक अधिकारी खोट्या आरोपाला कंटाळून आत्महत्या करतो. त्या वेळी तात्या हसण्याच्या बेतात नव्हते. घरी परतताना बसमध्ये मी त्यांना विचारले, ‘‘तात्या, सावळकर कसा वाटला?’’ मला वाटले होते, ते अशोक सराफांची एखादी लकब करून दाखवितील. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, ‘‘बरा आहे. त्याला निदान नाव तरी दिलंय.’’

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. त्या दिवसापासून मी हिंदी पोलीसपट पाहतो तो एकाच दृष्टीने: हवालदाराला नाव आहे का? बहुतेक वेळा नसते. तो ‘हवलदार’ असतो. तो साहेबाच्या मोटारीचे दार उघडतो, खुर्ची पुसतो, चहा आणतो, चुकीच्या दिशेने धावतो आणि गुन्हेगार पकडला गेल्यावर हजर होतो. आपल्या मुंबईच्या मातीतला असल्यामुळे तो बहुधा मराठी असतो. म्हणजे चित्रपटात मराठी माणसाला स्थान नाही, अशी तक्रार करण्याचीही सोय नाही. स्थान आहे, ते दाराशी आहे.

त्याच संध्याकाळची आणखी एक गोष्ट आहे. माझ्या आईचे माहेर अथणीकडचे. आमच्या मिरजेच्या भागात ही काही नवलाची बाब नव्हे; निम्म्या घरांत एक भाषा स्वयंपाकघरात आणि दुसरी ओसरीवर, असे चालते. आई आम्हां मुलांशी मराठी बोलते आणि मावशीशी कन्नड. ‘सिंघम’मध्ये कर्नाटकाच्या सीमेकडून माणसे आणण्याच्या धमकीला नायकाने दिलेले उत्तर कन्नड माणसाचा अपमान करणारे आहे, असा आक्षेप घेऊन त्या महिन्यात कर्नाटकात निदर्शने झाली आणि पुढे तो भाग काढून टाकण्यात आला. आम्ही पाहिला त्या खेळात तो अजून होता. चित्रपटगृहात शिट्ट्या वाजल्या. तात्या घरी आल्यावर आईला चित्रपटाची सगळी गोष्ट सांगत बसले. ती त्यांची जुनी सवय. सांगता सांगता ते त्या जागेपाशी आले आणि ती जागा वगळून पुढे गेले. सेन्सॉर मंडळाला जे सुचले नव्हते ते एका हवालदाराला आपल्या स्वयंपाकघरात सुचले.

मराठी माणसाला पडद्यावर मान मिळाला म्हणून आपण हरखतो तेव्हा हेही पाहावयास हवे की तो मान कोणाच्या खर्चाने मिळाला. गोव्यात घडणाऱ्या या कथेत कोकणी जवळजवळ ऐकूच येत नाही. शेजाऱ्याला खाली बसवून आपला पाट उंच करणे, याला मी प्रतिनिधित्व म्हणणार नाही. परप्रांतात राहिल्यावर हे अधिक तीव्रतेने जाणवते. कारण येथे आपण सगळेच कोणाचे तरी शेजारी आहो.

मयूर विहाराचेच पाहा. पहिल्या टप्प्यात केरळीयांचे उत्तर गुरुवायूरप्पन मंदिर आहे. सकाळी भाजीच्या गाडीशी मल्याळी, तमिळ, मैथिली, गढवाली आणि हरियाणवी अशा पाच हिंदी एकाच वेळी ऐकू येतात. आमचे केरळी शेजारी एकदा मला म्हणाले, ‘‘तुमच्या वाट्याला निदान फौजदार आला. आमच्या वाट्याला मुंडू नेसलेला हॉटेलवाला आणि अय्यो म्हणणारी परिचारिका.’’ शिवाय खुद्द दिल्लीच्या लेखी आम्ही सगळेच ‘जमनापार’चे, नदीपलीकडे राहणारे, म्हणून जरा कमी प्रतीचे. २०२० साली आलेल्या ‘पाताल लोक’ या मालिकेतील हाथीराम चौधरी हा थकलेला फौजदार याच जमनापारच्या एका कल्पित ठाण्यातला आहे आणि त्याच्या हाताखालचा इम्रान अन्सारी हा तरुण मुसलमान अधिकारी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करतो. ती मालिका विनोदी नाही. पण तिच्यात हाताखालच्या माणसालाही स्वतःचे एक स्वप्न दिले आहे. म्हणून मला ती आपल्या वस्तीतली वाटली.

आमच्या भागात गस्तीवर येणारे एक हवालदार आहेत, सोनिपतकडचे. भाडेकरूंच्या नोंदणीच्या निमित्ताने त्यांची माझी ओळख झाली. मी महाराष्ट्रातला म्हणताच तेही म्हणाले, ‘‘अच्छा, सिंघमवाले!’’ माझे वडील हवालदार होते हे सांगितल्यावर मात्र त्यांची बसण्याची तऱ्हाच बदलली. ते खुर्चीत मागे रेलले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आपल्या गुडघेदुखीविषयी बोलू लागले. त्यांना दिल्लीत जे नाव ठेवले जाते ते ‘पांडू’ नव्हे, ‘ठुल्ला’. २०१५ साली दिल्लीच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी एका मुलाखतीत तो शब्द वापरला, त्यावरून एका शिपायाने बदनामीचा दावा लावला आणि २०१६ साली उच्च न्यायालयाने त्या शब्दाचा नेमका अर्थ काय, असे मुख्यमंत्र्यांनाच विचारले. आपल्या कचेरीच्या भाषेत, स्पष्टीकरण मागविले. हवालदार हसून म्हणाले, ‘‘बाबूजी, कोर्टाला अर्थ ठाऊक नाही, पण आमच्या पोरांना शाळेत ठाऊक असतो.’’ तात्यांच्या मुलालाही तो अनुभव होता; परंतु मी ते बोललो नाही. त्यांना चहा दिला.

हाताखालच्या आणि परक्या माणसाला हसण्याखेरीज पोलीसपटाचा विनोद होऊच शकत नाही का? होऊ शकतो, याला दाखले आहेत. १९८४ साली अमेरिकेत ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ नावाचा चित्रपट निघाला. डेट्रॉइटचा एक कृष्णवर्णीय पोलीस श्रीमंत गोऱ्यांच्या वस्तीत येतो. एडी मर्फी याने केलेला तो पोलीस परका आहे, त्याचे कपडे साधे आहेत, त्याची मोटार खटारा आहे. तरीही हसू येते ते त्याचे नव्हे, तर त्याला पाहून गोंधळणाऱ्या गुळगुळीत वस्तीचे. १९९८ सालच्या ‘रश अवर’मध्ये हाँगकाँगचा एक पोलीस आणि लॉस एंजेलिसचा एक कृष्णवर्णीय पोलीस एकमेकांना हसतात, त्या थट्टेतले काही आज कानाला खटकते, पण निदान थट्टेचा व्यवहार दुहेरी आहे. विनोदाचा मार्ग खालून वर गेला की तो मोकळा करतो. वरून खाली आला की तो माणसाला त्याच्या जागी आणखी घट्ट बसवितो. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला हे शिकविण्यासाठी हॉलिवूडची गरज नव्हती. तो राजाला हसत असे आणि राजा ते ऐकून घेत असे.

आणि न्यायाने बोलायचे तर रोहित शेट्टी यांनीच हवालदाराला पुढे एकदा त्याचे देणे दिले आहे. २०१८ सालच्या ‘सिंबा’त संग्राम भालेराव हा लाचखाऊ फौजदार आहे आणि त्याच्या ठाण्यात मोहिले नावाचे हवालदार आहेत. ते या साहेबाला सलाम करीत नाहीत. आरडाओरडा नाही, भाषण नाही. हात वर जात नाही, एवढेच. आणि साहेब जेव्हा खऱ्या अर्थाने साहेब होतो तेव्हा तो हात वर जातो. ही कल्पना मूळच्या ‘टेंपर’ या २०१५ सालच्या तेलुगू चित्रपटातली आणि मोहिलेंचे काम करणारे आशुतोष राणा मध्य प्रदेशातले. तरी सांगतो, सावळकरांपासून मोहिलेंपर्यंत सात वर्षांत हिंदी चित्रपटाने जे अंतर काटले ते नायकाच्या साऱ्या उड्यांपेक्षा मोठे आहे. गणवेशातला सर्वांत खालचा माणूस ठाण्याची सदसद्विवेकबुद्धी होऊ शकतो, हे कोट्यवधी लोकांनी पाहिले. तात्यांना मी तो चित्रपट पुढे दूरचित्रवाणीवर दाखविला. ते म्हणाले, ‘‘असा सलाम अडवला असता तर माझी बदली गडचिरोलीला झाली असती.’’ परंतु हे म्हणताना ते सरळ बसले होते.

प्रत्यक्ष पोलीस दल या बाबतीत चित्रपटाच्या पुढे चालले आहे, असे मला वाटते. २०१५ साली केंद्राने दिल्लीसह केंद्रशासित प्रदेशांच्या पोलीस दलांत शिपायापासून उपनिरीक्षकापर्यंतच्या थेट भरतीत स्त्रियांना ३३ टक्के जागा राखून ठेवल्या. ईशान्येकडील तरुणांवर दिल्लीत होणाऱ्या अत्याचारांमुळे २०१४ मध्ये नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्या राज्यांतील मुलामुलींना दिल्ली पोलिसांत घ्यावे, अशी शिफारस केली. सिंघमांच्या दुनियेत मात्र स्त्री अधिकारी ठळकपणे यावयास २०२४ साल उजाडावे लागले. ‘सिंघम अगेन’मध्ये दीपिका पदुकोण यांची शक्ती शेट्टी आली. मिझोरमची किंवा मणिपूरची पोलीस शिपाईण विनोदी चित्रपटात कोणाला हसविताना मी अजून पाहिलेली नाही. आणि कोणी तिला हसावे अशी माझी इच्छा नाही.

या हसण्याखिदळण्याच्या आड एक गंभीर गोष्ट लपते, तीही सांगितली पाहिजे. ‘सिंघम’च्या शेवटी सगळे पोलीस दल मिळून खलनायकाला ठार करते आणि ती आत्महत्या होती असे भासविते. प्रेक्षक टाळ्या वाजवितो. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी या चित्रपटाचे नाव घेऊन सांगितले की, रीतसर प्रक्रियेची पर्वा न करता तडकाफडकी न्याय देणाऱ्या पोलिसाची ही प्रतिमा घातक संदेश देते. मला त्यात हवालदाराच्या बाजूने एक गोष्ट जोडावीशी वाटते. अशा कृत्याची चौकशी लागते तेव्हा पडदा पडलेला असतो. जबाब देण्यासाठी तारखांना हेलपाटे घालतात ते सावळकर. साहेबाचा संताप मराठीत असतो, पण त्याचा पंचनामा हवालदाराच्या अक्षरात असतो. कारकुनाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. आमच्या गल्लीतली मुले गेल्या उन्हाळ्यात चोर-पोलीस खेळत असत. तो मराठी, म्हणून फौजदाराचे काम निवडणुकीशिवाय त्याच्याकडे. खाली इस्त्रीची टपरी चालविणाऱ्याचा मुलगा त्याच्याहून एक वर्षाने मोठा आणि धावण्यात पुष्कळ चपळ. पण तो रोज हवालदार. हवालदाराने पोट पुढे काढून चालायचे, पडायचे आणि मार खायचा, हे ठरलेले होते. एके रात्री जेवताना मी मुलाला म्हणालो, ‘‘तुझे आजोबा हवालदार होते, हे ठाऊक आहे ना?’’

त्याने घास हातात धरून विचारले, ‘‘मग आजोबा लोकांना हसवायचे का?’’

त्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता. आठ वर्षांच्या आयुष्यात त्याने जे हवालदार पाहिले होते ते सर्व हसविणारेच होते. आजोबा त्यांच्यातले एक असणार, असा त्याचा तर्क. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी त्याला २००५ सालच्या महापुराची गोष्ट सांगितली. कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले होते. तात्या आयर्विन पुलाच्या बाजूला बंदोबस्तावर होते आणि आम्हांला कित्येक दिवस दिसले नाहीत. घरी आले तेव्हा त्यांच्या पायांची कातडी पाण्याने पांढरी पडून सुटली होती आणि बूट काढताना आईने दिव्याकडे तोंड फिरविले. त्या दिवसांत त्यांनी किती माणसांना होडीत बसविले हे त्यांनी मोजले नव्हते. पण एका म्हातारीने आपली शेळी घेतल्याशिवाय येणार नाही म्हणून हट्ट धरला, तेव्हा तात्यांनी शेळीला आधी बसविले, हे ते आजही सांगतात. मुलगा शेळीपाशी हसला. मग पायांविषयी त्याने पुन्हा दोनदा विचारले.

दुसऱ्या दिवशी खेळात काही क्रांती झाली, असे नाही. इस्त्रीवाल्याचा मुलगा काही दिवस हवालदारच राहिला. मग मोठ्या मुलांनी क्रिकेट सुरू केले आणि चोर-पोलीस मागे पडले. त्यात तो पहिला फलंदाज झाला. एवढे मात्र झाले की, तात्या दिवाळीला दिल्लीस आले तेव्हा नातवाने त्यांना जुना गणवेश कोठे आहे, असे विचारले. गणवेश राहिला नव्हता. तात्यांनी पिशवीतून छातीवर लावावयाची काळी नामपट्टी काढली; ती ते अजून पाकिटाबरोबर बाळगतात, हे मलाही माहीत नव्हते. पांढऱ्या अक्षरांत आमचे आडनाव. मुलाने ते मोठ्याने वाचले. त्या आडनावात एक ‘ळ’ आहे. दिल्लीच्या शाळेत तो त्याचा ‘ल’ करून येतो. तात्यांनी त्याला जीभ टाळ्याला कशी लावावी ते दाखविले, आणि बरोबर उच्चार होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले.